कोणी सांगितले, तेही लिही

वाचक माउली, वारीत नवा माणूस पहिल्यांदा चालायला लागतो तेव्हा त्याला ग्रंथातले कोणी काही सांगत नाही. त्याला सांगतात ते असे: मोजे उलटे घाल, म्हणजे शिवण बोटांना लागत नाही. रात्री तळपायांना खोबरेल तेलात कापूर घालून चोळ. दिवे घाटाच्या दिवशी पाठीवरचे ओझे ट्रकमध्ये टाक, फक्त पाण्याची बाटली आणि इरले जवळ ठेव. घटाघटा पाणी पिऊ नकोस. नीरेला स्नान झाले की ओले धोतर पिशवीत कोंबू नकोस, खांद्यावर वाळव. सांगणारा आपल्याहून दोन वाऱ्या जुना असतो, एवढाच त्याचा अधिकार. आणि त्यालाही ते कोणीतरी असेच चालता चालता सांगितलेले असते.

माझा एक सोबती आहे. बावीस वर्षे आम्ही एका दिंडीत चाललो. त्याच्या खिशात एक वही असे, दुमडून दुमडून कोपरे गोल झालेली. वहीत अभंग होते, चाली होत्या, कोणत्या गावच्या विहिरीचे पाणी गोड ते होते, पोट बिघडले तर काय खावे ते होते. हे सगळे एकाच वहीत, एकाखाली एक. हरिपाठातल्या एका ओळीच्या अर्थाखाली लगेच पायाच्या फोडावरचा उपाय. मला सुरुवातीला ते विचित्र वाटे. मी म्हटले, "अरे, देवाचे निराळे लिही, पायाचे निराळे लिही." तो म्हणाला, "दोन्ही चालतानाच लागतात." त्या वहीत आणखी एक गोष्ट होती, ती पुष्कळ दिवस माझ्या लक्षात आली नव्हती. प्रत्येक नोंदीखाली बारीक अक्षरात एक नाव असे. नाव ठाऊक नसेल तर गाव. गावही ठाऊक नसेल तर 'वाल्ह्याच्या तळावर चहा देणारी मावशी' एवढे तरी असे.

वेळापूर सोडून आम्ही भंडीशेगावकडे चाललो होतो. त्या दिवशी ऊन होते. दिंडीत जनाबाईंच्या नावावरचा एक अभंग झाला, संतांचे अभंग कोणी कोणी लिहून घेतले ते सांगणारा. तुम्हीही तो ऐकला असेल. मी तर लहानपणापासून म्हणत आलो होतो. शेवटी जनीचे अभंग साक्षात पांडुरंग लिहितो, हे ऐकून आपण सगळे डोलतो आणि तिथेच थांबतो. सोबती माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "शेवटचे चरण सोड. आधीची नावे नीट ऐकली आहेस का कधी?"

खरे सांगतो, ऐकली नव्हती. ती नावे म्हणजे शेवटच्या चरणाकडे जाण्याची पायरी, एवढेच मला वाटत होते. त्याने चालता चालता बोटावर मोजून दाखवली. ज्ञानोबांचे शब्द सच्चिदानंदबाबा लिहीत. निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी. इथवर घरचीच गोष्ट आहे. पुढे चांगदेवांचे लिहिणारा श्यामा कासार. विसोबा खेचरांचे परमानंद. सावता माळ्याचे काशिबा गुरव. कर्म्याचे वासुदेव. आणि चोखामेळ्याचे अनंतभट्ट.

"आता बोलणारा आणि लिहिणारा शेजारी शेजारी ठेवून पाहा," तो म्हणाला.

माउली, तुम्हीही क्षणभर तसे करून पाहा. चांगदेव म्हणजे योगसामर्थ्याने मोठा झालेला, वाघावर बसून आला अशी ज्याची कथा सांगतात तो योगी. त्याचे शब्द टिपून घेतो एक कासार. सावतोबा अरणच्या मळ्यात राबणारे, आणि त्यांचे शब्द जपतो देवळाची सेवा करणारा गुरव. चोखोबा मंगळवेढ्याचे महार, ज्यांना राऊळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हते, त्यांचे अभंग ऐकायला आणि लिहायला बसतो एक भट्ट. या अभंगाचे शब्द नेमके कोणाचे, पाठ कोणता जुना, याची चर्चा अभ्यासकांनी करावी. परंतु आपल्या संप्रदायाने आपल्या मुखात ही आठवण शतकानुशतके अशी ठेवली, की अमक्याचे शब्द अमक्या सोबत्याने वाचवले. ही आठवण ठेवणे हीच केवढी गोष्ट आहे!

अरणला मी त्यानंतर मुद्दाम गेलो. मोडनिंबजवळचे गाव. सावतोबांची समाधी आहे, भोवती मळ्याची आठवण सांगणारी झाडी आहे. सावता महाराज शके 1217 मध्ये, म्हणजे 1295 साली समाधिस्थ झाले असे मानतात. आज त्यांच्या नावावर 37 अभंग मिळतात. फक्त 37. आयुष्यभर भाजीपाला पिकवताना हा माणूस किती बोलला असेल, किती गुणगुणला असेल! खुरपे हातात असताना सुचलेला शब्द संध्याकाळपर्यंत राहतोच असे नाही. जे राहिले ते राहिले, कारण बांधावर एक मित्र येऊन बसत होता आणि "हे पुन्हा म्हण" असे म्हणत होता. अशी माझी समजूत आहे. काशिबाने सावतोबांना देवळात बोलावले नाही, तो स्वतः मळ्यात गेला, असे मला त्या जागी उभे राहिल्यावर वाटले. इतिहास म्हणून हे सांगत नाही.

अनंतभट्टाविषयी मात्र माझे मन अजून शांत झालेले नाही. एक नाव, आणि त्याने लिहिले ही गोष्ट, एवढेच घेऊन तो आपल्यासमोर येतो. त्या काळी महाराच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्या जगात एक ब्राह्मण चोखोबांच्या समोर बसला असेल, तर घरी काय बोलणी खाल्ली असतील? गावाने काय केले असेल? किंवा असेही असेल, की तो चोरून जात असेल. चोखोबांच्या अभंगांत जी तक्रार आहे, देवालाच विचारलेला जो जाब आहे, तो लिहिताना त्याच्या हाताला काय वाटले असेल? ती तक्रार त्याच्याच लोकांविषयी होती. त्याने ती मऊ केली नाही. आज आपण चोखोबांचे शब्द वाचतो तेव्हा त्यातला चटका तसाच आहे.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले, ते शके 1260, म्हणजे 1338 साल. परंपरा सांगते की नामदेवराय तिथे गेले आणि ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून त्यांनी पंढरीला आणल्या. महाद्वारासमोर समाधी आहे, तुम्ही दर वारीला तिच्यापुढे डोके ठेवता. नामदेवांचे वय तेव्हा सत्तरीला टेकलेले होते. ज्ञानोबा जाऊन बेचाळीस वर्षे झाली होती. बरोबरीचे सगळे एकेक करून गेले होते, आणि हा म्हातारा शिंपी मित्राची हाडे शोधायला मंगळवेढ्याला गेला. पुढे त्याच देवळाचे दार चोखोबांच्या लोकांना उघडायला 1947 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. अनंतभट्टाची वही आणि ते उघडलेले दार यांच्यामध्ये सहाशेहून अधिक वर्षे आहेत. मित्राला जे एका संध्याकाळी कळले ते समाजाला कळायला एवढा काळ लागला.

मित्राचे सांगणे नेहमी गोड असते असे मात्र नाही. गोरोबाकाकांच्या घरची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. सगळे संत जमले होते. कोपऱ्यात थापटणे पडले होते. मुक्ताईने विचारले, हे काय? काकांनी सांगितले, याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मुक्ताई म्हणाली, मग आमचीही पाहा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले, सगळे निमूट बसले, आणि नामदेव मात्र उसळले. निवाडा झाला: हे मडके कच्चे.

आपण ही गोष्ट कीर्तनात हसत हसत सांगतो. परंतु नामदेवांच्या जागी बसून पाहा. ज्याच्या हातचा नैवेद्य देव खातो, ज्याच्याशी देव बोलतो, त्याला चार मित्रांसमोर, आणि एका लहान मुलीच्या सांगण्यावरून, कच्चे म्हटले गेले. तो रडत देवाकडे गेला, आणि देवानेही मित्रांचीच बाजू घेतली! औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर आहेत, त्यांच्याकडे जा म्हणाला. तिथे गेल्यावर काय झाले, पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी काय दाखवले, ते तुम्ही जाणता. मला इथे वेगळेच सांगायचे आहे. ज्या मित्रांनी कच्चे म्हटले त्यांची संगत नामदेवांनी सोडली नाही. उलट ज्ञानदेवादी भावंडांच्या समाधीचे जे अभंग आपण कार्तिकात आळंदीला म्हणतो, ते नामदेवांच्याच नावाचे. ज्ञानोबांनंतर ते चोपन्न वर्षे जगले. पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. डोक्यावर बसलेली ती थाप इतक्या लांब पोचली. कोणी हितचिंतकाने आपल्याला टोकले, की आपण मात्र पुढच्या वर्षी दिंडी बदलतो!

आता तुकोबांकडे येऊ, कारण तिथे कागद हाताशी आहेत.

तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत दोघे लिहिणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. एक कडूसचे गंगाराम मवाळ, आणि दुसरे संताजी जगनाडे, घाणा चालवणारे तेली, ज्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. चाकणच्या कीर्तनात संताजींनी तुकोबांना ऐकले आणि ते कायमचे त्यांचे झाले, असे सांगतात. इंद्रायणीत वह्या बुडवल्याची कथा आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या कोरड्या तरल्या ही आपली श्रद्धा आहे. त्याच्या जोडीला संताजींविषयी आणखी एक आठवण चालत आली आहे: वह्या गेल्या म्हणताच ते गावोगाव फिरले आणि लोकांच्या तोंडी असलेले अभंग गोळा करून पुन्हा लिहू लागले. या दोन गोष्टींत भांडण लावण्याचे मला कारण दिसत नाही. पांडुरंगाने वह्या तारल्या म्हणताना त्याने कोणाचे हात वापरले, हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे.

पुढचा भाग मात्र नोंदीचा आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारने 24 हजार रुपये खर्चून तुकोबांचा गाथा छापायचे ठरवले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तो संपादित केला. 1869 आणि 1873 साली, अशा दोन भागांत तो इंदुप्रकाश छापखान्यातून निघाला. साडेचार हजारांहून अधिक अभंग. त्यासाठी संपादकांना हस्तलिखिते कुठे मिळाली? देहूला, तळेगावला, कडूसला, पंढरपूरला. म्हणजे तुकोबांच्या घरी, आणि त्यांच्या सोबत्यांच्या, टाळकऱ्यांच्या, वारकऱ्यांच्या घरी. दरबाराच्या दप्तरात नव्हते, कोणा राजाच्या ग्रंथशाळेत नव्हते. नंतर ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या वंशजांकडच्या वह्या मिळवल्या आणि 1919 व 1920 साली 'तुकारामबोवांचा अस्सल गाथा' प्रसिद्ध केला. कोणता गाथा जास्त अस्सल यावर पुढे पुष्कळ वाद झाले. ते वाचताना मला आपला एकच प्रश्न पडतो. घाण्यावरून उठून आलेल्या माणसाच्या त्या कागदांना तेलाचे बोट कुठे लागले असेल का? सोबत्याला हे बोललो तर तो म्हणाला, "लागले असेल तर त्याच पानावर डोके ठेवीन."

सुदुंबऱ्याची शेवटची कथाही मित्रांचीच आहे. संताजी गेले, समाधी देताना कितीही माती लोटली तरी मुख झाकेना. शेवटी तुकोबा वैकुंठाहून आले आणि त्यांनी मूठ मूठ माती टाकली, मग मुख झाकले. दोघांचे तसे बोलणे झालेले होते म्हणतात. जो मागे राहील त्याने दुसऱ्याला माती द्यायची. दोन गावकरी मित्र ओट्यावर बसून ठरवतील असेच ते ठरलेले आहे.

आणि बहिणाबाई. मला विचाराल तर मित्रामित्रांतून पसरत गेलेल्या शब्दाची सगळ्यांत अवघड परीक्षा या मुलीची झाली. देवगावची, वेरूळच्या परिसरातली. घरावर संकट आले म्हणून माणसे परागंदा झाली आणि फिरत फिरत कोल्हापूरला पोचली. तिथे जयरामस्वामींची कीर्तने चालत, आणि त्या कीर्तनांत तुकोबांची पदे म्हटली जात. देहू कुठे, कोल्हापूर कुठे! तुकोबा स्वतः तिथे आले नव्हते. त्यांचा शब्द आला होता, ज्याला तो आवडला त्याने दुसऱ्याला ऐकवत ऐकवत आणलेला. अकरा वर्षांच्या आसपासची ही मुलगी, तिला एका वासराचा विलक्षण लळा, ते वासरूही तिच्यामागे कीर्तनाला येई. पुढे ते गेले. तिला तुकोबांचा ध्यास लागला. नवरा वैदिक ब्राह्मण, वयाने पुष्कळ मोठा. शूद्राचे पद आपल्या बायकोच्या तोंडी, हे त्याला सोसले नाही. त्याने तिला मारले, बांधून ठेवले. हे मी सांगत नाही, तिनेच आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवले आहे. नंतर तोच नवरा आजारातून उठल्यावर बदलला आणि तिच्याबरोबर देहूला आला. तिने तुकोबांचे कीर्तन डोळ्यांनी पाहिले. मंबाजीने तिथेही छळले, तिच्या गाईला मारहाण केली. तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने लिहून ठेवलेली ही साक्ष आपल्या हाती आहे, आणि तिची सुरुवात कोल्हापुरात कोणीतरी ऐकवलेल्या पदापासून झाली आहे.

एक कबुली द्यायची आहे. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, पण एवढा वेळ मी संतांच्या आड लपलो.

जनाबाईंच्या अभंगातली ती नावे सोबत्याने मला दाखवली, त्याच वर्षी आमच्या तालुक्यात एका गावी हरिनाम सप्ताह होता. मला प्रवचनाला बोलावले होते. मी तोच अभंग घेतला. चांगदेव आणि कासार, सावता आणि गुरव, चोखोबा आणि भट्ट, सगळे सांगितले. 'पुष्कळ वर्षे चिंतन करताना माझ्या ध्यानात आले' असे शब्द माझ्या तोंडून गेले. मंडप गप्प झाला. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. प्रवचन संपल्यावर लोक पाया पडायला आले. सोबती पहिल्या रांगेत बसला होता. माझे लक्ष त्याच्याकडे गेले ते हे वाक्य बोलून झाल्यावर. त्याने मान खाली घातली नाही की वर केली नाही, टाळ मांडीवर ठेवून तो ऐकत होता. नंतर पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "छान झाले. सच्चिदानंदबाबांना जरा घाईत सोडलेस." एवढेच. पुढे भाकरीत ठेचा घालून माझ्या पानावर ठेवला.

त्या रात्री मला झोप आली नाही. चोरी लहान होती म्हणून मन समजावून पाहिले. अभंग तर सगळ्यांचा आहे, अर्थही सगळ्यांचा. पण ताहराबादचे महिपतीबाबा आठवले. त्यांनी 1762 साली 'भक्तविजय' पुरा केला, आणि पुढे 'भक्तलीलामृत' वगैरे लिहिले. आज आपल्याला संतांच्या ज्या कथा येतात त्यांतल्या निम्म्याहून अधिक त्यांच्यामुळे येतात. एवढा मोठा ग्रंथकार, आणि तो ग्रंथात सरळ सांगून टाकतो की हे माझ्या मनचे नाही, उत्तरेकडे नाभाजींनी आणि इकडे उद्धवचिद्घनांनी सांगितले त्यावरून मी सांगतो. त्याने तसे सांगितले म्हणून त्याची कथा कोणाला कमी गोड लागली? मी 'माझ्या ध्यानात आले' म्हणालो, त्यात माझ्या प्रवचनाला काडीचीही भर पडली नव्हती.

बरेच दिवस हे पोटात ठेवले. पुढच्या वारीत जेजुरीच्या मुक्कामी पावसाने तंबू गळत होता, दोघेही जागे होतो. तेव्हा बोललो. तो हसला. म्हणाला, "मलाही ते कोणीतरीच दाखवले." आणि वही काढून बॅटरीच्या उजेडात पान दाखवले. जनाबाईंच्या त्या अभंगाखाली बारीक अक्षरात लिहिले होते: परभणीकडचा एक माळकरी, चंद्रभागेच्या वाळवंटात, एकादशीची रात्र. मी म्हटले, मग तू हे लोकांत कधी सांगत का नाहीस? म्हणाला, "तुला सांगितले ना."

हा लेख लिहिताना त्याचे नाव घालायचे ठरवले होते. छापून आले तर निदान एकदा तरी ऋण फिटेल, असा माझा हिशेब. तसे त्याला विचारले तर त्याने साफ नाही म्हटले. म्हणाला, "नाव लिहायचेच असेल तर अनंतभट्टाचे लिही. त्याच्या नावाचे देऊळ नाही, पालखी नाही." म्हणून वर अनंतभट्टाचे नाव जरा जास्तच वेळा आले असेल तर माउली, त्याचे कारण हे आहे.

त्याचे गुडघे आता चालत नाहीत. गेल्या आषाढीला पहिल्यांदा मी त्याच्याशिवाय निघालो. आळंदीला जाण्याआधी त्याच्या घरी गेलो, तर त्याने वही माझ्या हातात दिली. मागची अकरा पाने कोरी होती. "काही कळले तर लिहून आण," म्हणाला, "आणि कोणी सांगितले तेही लिही. मला इथे बसून वाचायला होईल."

पहिली नोंद सासवडच्या मुक्कामी केली. घाट चढून आल्यावर माझी पोटरी आखडली होती. बुलढाण्याकडच्या एक आजी, डोक्यावर तुळस, त्या बघत होत्या. त्या म्हणाल्या, बाबा, बसू नको, भिंतीला हात लावून टाच जमिनीला टेकव आणि तसाच उभा राहा, शंभर आकडे मोज, नाहीतर दहादा रामकृष्णहरी म्हण. मी दहादा म्हटले. पोटरी सुटली. नाव विचारले तर त्या म्हणाल्या, नाव काय करायचे? मी वही दाखवली. मग त्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले, आणि मी ते नीट लिहिले की नाही ते शेजारच्या मुलाकडून वाचून घेतले.